रतनपूर ते खंभात, एका अकीकाच्या चकतीसाठी चार दिवस

दिवस पहिला, बडोदा

माझ्या कपाटात एक खास खण आहे, त्यात त्रेसष्ट अकीकाच्या (इंग्रजीत अगेट, पट्टे असलेला दगड) स्लाइस, म्हंजे चकत्या, आहेत, अकरा वर्षांत एकेक करून जमवलेल्या. ब्राझीलच्या आहेत, बोत्स्वानाच्या आहेत (गुलाबी-करड्या, पट्टे इतके बारीक की भिंगच लागतं), मेक्सिकोची एक लगुना (तिथल्या अकीकाचा एक प्रकार) आहे जी मी दोन वर्ष पैसे साठवून घेतली. प्रत्येकीखाली छोटी चिठ्ठी, दगड कुठला, कधी घेतला, कुणाकडून घेतला. आणि त्रेसष्टात एकही चिठ्ठी अशी नाही जिच्यावर भरूच जिल्ह्यातलं रतनपूर लिहिलंय. म्हंजे बघा, जिथला अकीक हजारो वर्ष जगभर गेला ती जागा आमच्या घरापासून काही तासांवर आणि माझ्याकडे तिथला तुकडा नाही. हे मला कितीतरी दिवस टोचत होतं.

कारण साधं आहे. आपल्याकडे या दगडाचे मणी होतात, अंगठ्या होतात, माळा, वाट्या, गणपती होतात, पण नुसती आडवी कापून पॉलिश केलेली चकती, जी फक्त बघायला ठेवायची, तशी रतनपूरच्या दगडाची मला कुठे मिळालीच नाही. दुकानात ज्या मिळतात त्या विचारल्यावर कळतं की बाहेरचा माल आहे. म्हणून ठरवलं की दगड तिथे जाऊन घ्यायचा, खंभातला, अकीक घडवणाऱ्या कारीगरांच्या गावी, नेऊन कापून घ्यायचा, आणि चिठ्ठी स्वतः लिहायची. बरोबर माझा मामेभाऊ (घरात सगळे त्याला दादा म्हणतात, गाडी त्याची) आणि माझी भाची, जी एमेस युनिव्हर्सिटीत जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उत्तरायण होऊन चार-पाच दिवस झाले होते, दांडिया बाजारात अजून तारांवर फाटके पतंग लटकत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी खण काढून सगळ्या स्लाइस भाचीला दाखवल्या. त्यातली एक गडद गुलाबी, मी अगदी सुरवातीला ऑनलाइन घेतलेली, विकणाऱ्याने नॅचरल कलर असं स्पष्ट लिहिलेलं. भाचीने कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या बाजूला घासला आणि कापूस गुलाबी झाला. मला माहीत होतं तरी बघून वाईट वाटलं. अकीकाला रंग देणं ही काही नवी गोष्ट नाही, जर्मनीत इडार-ओबरश्टाइनच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच ही विद्या पक्की केली, दगड साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग गंधकाच्या तेजाबात टाकायचा की आत शिरलेली साखर जळून कोळसा होते आणि पट्टे काळेभोर होतात. निळ्यासाठी लोखंडाचे क्षार वापरतात. अकीक दिसतो काचेसारखा घट्ट पण त्यात अतिबारीक छिद्रं असतात, एका पट्ट्यात जास्त, शेजारच्या पट्ट्यात कमी, म्हणून रंग कुठे पितो कुठे पीत नाही, आणि मधल्या स्फटिकांत तर जवळजवळ शिरतच नाही. ओळखायची खूण हीच, रंग भेगांत साचलेला असतो आणि मधले स्फटिक पांढरेच राहतात. रंगवलेली चकती सुंदर नसते असं मी म्हणत नाही, पण चिठ्ठीवर रंगवलेली असं लिहायला हवं, नाहीतर घेणारा फसतो आणि दगडाची खरी ओळखही पुसली जाते.

रात्री सेव उसळ खाऊन झोपलो.

दिवस दुसरा, रतनपूर

सकाळी लवकर निघालो. भरूचला नर्मदा ओलांडताना जुना गोल्डन ब्रिज दिसतो, १८८१ चा, दादा दर वेळेला तो दाखवतोच. मग अंकलेश्वर, झगडिया, राजपारडी. झगडियाला कारखाने आणि ट्रक, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. राजपारडीच्या पुढे मात्र जमीन बदलायला लागते, सपाट काळी शेतं संपून लालसर मातीच्या टेकड्या लागतात, आणि त्या मातीत गोटे दिसायला लागतात.

आधी टेकडीवर बावा गोरच्या दर्ग्यात गेलो. हे सिद्दी लोकांचे पीर, आफ्रिकेतून आलेले, आणि अकीकाच्या धंद्यातली माणसं यांनाच आपले मूळपुरुष मानतात, मण्यांचा व्यापार त्यांनी वाढवला असं सांगतात. त्यांच्या बहिणीचं, माई मिसराचं स्थानही तिथेच आहे. हिंदू, मुसलमान, पारशी सगळे नवस बोलायला येतात. एक म्हातारी सिद्दी बाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी विचारलं कशासाठी आलात, मी म्हटलं बा, अकीकसाठी, तर त्या म्हणाल्या मग आधी वर जाऊन सलाम करून या, दगड बावाचा आहे. आम्ही केला. मला ते फार आवडलं, दगड घेण्याआधी कुणाची तरी परवानगी घ्यायची हे.

खाली आल्यावर रस्त्याच्या कडेला मातीची एक उभी कापलेली भिंत दिसली आणि भाची गाडी थांबव म्हणून ओरडलीच. ती भिंत म्हणजे नुसते गोटे, बोराएवढ्यापासून मुठीएवढे, लालसर मातीत घट्ट चिकटलेले. म्हणाली, मावशी, हे गोटे इथे जन्मलेलेच नाहीत. मग तिने जे सांगितलं ते मी पुस्तकात वाचलेलं होतं पण त्या भिंतीसमोर उभं राहून ऐकताना वेगळंच वाटलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका (वाळू, गारगोटी जिची बनते ती) विरघळवून आणली आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थरावर थर बसवले, बाहेरून आत. म्हणून अकीकाचे पट्टे पोकळीच्या आकाराप्रमाणे वळतात, आणि आतपर्यंत भरत आलं की शेवटी मधे मोठे स्फटिक वाढतात, कधी पोकळीच उरते. पुढे लाव्ह्याचा खडक झिजून माती झाला पण अकीक झिजेना (कठीणपणा दहापैकी जवळजवळ ७, पोलादी चाकूने ओरखडा येत नाही), मग नद्यांनी हे गोटे वाहून आणले, इथे वाळू-खडीबरोबर टाकले आणि त्याचा पुन्हा खडक झाला.

मी तिला म्हटलं म्हंजे रायगडाचा कडा आणि हा गोटा एकाच घरचे. हो म्हणाली, त्याच लाव्ह्याचे. आमचे आजोबा महाडकडून बडोद्याला आले होते, सयाजीराव महाराजांच्या काळात, गायकवाडीत नोकरीला. का कुणास ठाऊक त्या भिंतीसमोर मला त्यांचीच आठवण आली.

खाणीच्या जागेत आम्ही शिरलो नाही, ते भाडेपट्ट्याचं असतं, आणि जुने खड्डे धोक्याचे असतात. गावातल्या एका काकांच्या अंगणात मात्र ढीग होता. ते सांगत होते की त्यांच्या वडिलांच्या वेळी विहिरीसारखे खड्डे खणून आत उतरायचे आणि खाली आडवे बोगदे करून दिव्याच्या उजेडात दगड काढायचे. या भागाचा दगड किती जुना प्रसिद्ध आहे याचा एक पुरावा म्हणजे पोर्तुगीज दुआर्त बार्बोसाने सोळाव्या शतकाच्या सुरवातीला जवळच्या लिमोद्र्याच्या अकीकाबद्दल लिहून ठेवलंय.

ढिगातून निवडायचं कसं, तर वरून सगळे बटाट्यासारखे दिसतात, तपकिरी जाड साल. काकांनी एकेका गोट्याचा टवका उडवून आत बघायला शिकवलं, म्हणाले ओला करा, उन्हात धरा. टवका उडवलेल्या जागी पाणी लावलं की लगेच आतले पट्टे उठतात. दोन तास आम्ही बादलीत दगड बुडवत बसलो, हात गारठले. शेवटी तीन घेतले, एक लहान दुधी, एक मधाच्या रंगाचा, आणि एक मुठीपेक्षा थोडा मोठा करडा ज्याच्या टवक्यात पांढऱ्या रेषा एकमेकींना समांतर वळताना दिसत होत्या, किल्ल्याच्या तटासारख्या. अशा पट्ट्यांना इंग्रजीत फॉर्टिफिकेशनच म्हणतात. काकांनी सांगितलं यात तडा असू शकतो बेन, वजनाला बघा पण आवाजाला पण बघा, आणि दुसऱ्या गोट्यावर हलकेच आपटून दाखवला. आवाज थोडा बद्द आला. तरी घेतला.

दिवस तिसरा, खंभात

रात्री घरी येऊन सकाळी परत निघालो, वासद, बोरसद करत खंभात. एकेकाळी हे अरबस्तानापर्यंत व्यापार करणारं बंदर, आता खाडी गाळाने भरलीय, समुद्र दूर गेलाय. जामा मशीद १३२५ ची आहे, बाहेरूनच बघितली कारण माझं सगळं लक्ष पिशवीतल्या दगडांकडे होतं.

ज्या चाचांकडे गेलो त्यांचा पत्ता ओळखीतून मिळाला होता, आणि मी त्यांच्याकडेच जायचं ठरवलं त्याचं एक कारण होतं ते लिहिणं जरूर आहे. अकीक कोरडा घासला की जी धूळ उडते ती सिलिकाची. इतकी बारीक की फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथे व्रण होतात, आणि फुप्फुस हळूहळू कडक होतं. सिलिकोसिस म्हणतात त्याला, बरा करणारं औषध नाही. खंभातमधे या रोगाने कितीतरी कारीगर गेले, घरातच चाक असल्यामुळे बायका-मुलांनाही धूळ लागते, आणि बरेचदा टीबी समजून नुसती टीबीची औषधं देत राहतात. (सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.) हे चाचा चाकावर सतत पाणी सोडून घासतात आणि अंगणात धूळ ओढणारा पंखा आणि पाइप लावलाय. त्यांचा मोठा भाऊ याच रोगाने गेला. जास्त काही बोलले नाहीत, पाइपवर हात ठेवून एवढंच म्हणाले की हे आधी लावायला हवं होतं. मी अकीक विकत घेते, म्हंजे या धुळीत माझाही वाटा आहे, म्हणून ओल्या घासाईला जास्त पैसे लागतात तर ते द्यायचे, घासाघीस करायची नाही, असं मी त्या अंगणात ठरवलं.

मग काम सुरू. आधी त्यांनी आमच्यासाठी जुनी पद्धत दाखवली, जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून टिचकी मारायची, टवका सळईच्या बाजूने उडतो. शिंगच का तर ते लवतं, लोखंडी हातोडीने दगड फुटेल. दगडावर हातोडी अशी पडत होती की जणू काहीच जोर लावत नाहीत, आणि पाच मिनिटांत एका ओबडधोबड तुकड्याचा लांबट मणी दिसायला लागला. भाचीने सांगितलं की अमेरिकेतले पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी खंभातच्या कारीगरांकडे बघूनच हडप्पाचे मणी कसे केले असतील याचा अभ्यास केला. सिंधू संस्कृतीतलं लोथल इथून फार लांब नाही, तिथे १९५५ ते १९६० मधे एस. आर. राव यांनी खोदकाम केलं तेव्हा मण्यांचा आख्खा कारखाना सापडला, भट्टीसकट. आणि सिंधू संस्कृतीतले लाल अकीकाचे लांब मणी इराकमधे उरच्या राजघराण्याच्या कबरींत निघाले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. चाचांना हे सगळं माहीत होतं, त्यांनी फक्त मान डोलावली आणि दुसरा टवका उडवला.

आता माझे दगड. लहान दुधी कापला, आत काहीच नव्हतं, एकसारखा दुधी. मधाचाही तसाच, एका कोपऱ्यात तपकिरी डाग. खरं अकीक म्हणायला पट्टे पाहिजेत, नाहीतर तो नुसता कॅल्सेडनी, म्हंजे तोच दगड पण बिनपट्ट्यांचा. उरला करडा.

करड्यापाशी चाचा थांबले. कुठून कापायचा हाच सगळा खेळ आहे, कारण एकदा ब्लेड गेलं की गेलं, आणि पट्टे जिकडे वळतात त्यांना आडवं कापलं तरच नक्षी उघडते, त्यांच्या लांबीतून कापलं तर नुसते रुंद अस्पष्ट ढग दिसतात. त्यांनी दगड ओला करून चारी बाजूंनी टॉर्च धरला, सालीवर खडूने रेघ मारली, पुसली, परत मारली. मग डायमंड ब्लेड, वरून पाण्याची धार, आणि दगड हाताने ढकलायचा नाही, ब्लेडला त्याच्या वेगाने खाऊ द्यायचं. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, पण आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही. पाणी आधी करडं येत होतं मग पांढरं. दगड दोन भाग होऊन पडला, चाचांनी अर्धा उचलून पाण्याखाली धरला.

मी आजपर्यंत त्रेसष्ट स्लाइस घेतल्या पण एकही उघडताना बघितली नव्हती. करड्या रंगात पांढरे पट्टे, तीस-पस्तीस तरी, कोपऱ्याकोपऱ्याने वळत आत गेलेले, बाहेरचे चार पट्टे मधाच्या रंगाचे, आणि अगदी मधे तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी ज्यात स्फटिक चमकत होते. त्या स्फटिकांवर पहिल्यांदा उजेड पडत होता. आणि एका बाजूने आरपार एक तडा, केसासारखा. काका बरोबर बोलले होते.

त्या कापाच्या शेजारून त्यांनी दोन चकत्या काढल्या, पाच-सहा मिलिमीटरच्या, एकमेकींना लागून, म्हंजे नक्षी जवळजवळ सारखी. आणि मग म्हणाले एक लाल करू का. खंभातचा लाल अकीक बहुतेक भाजलेला असतो, दगडात जे लोखंड असतं ते पिवळसर रूपात असतं, त्याला उष्णता दिली की त्यातलं पाणी जातं आणि ते हेमाटाइट, म्हंजे लोखंडाचं लाल खनिज, होतं. बाहेरून रंग भरायचा नाही, आतलंच लोखंड रंग बदलतं. पण त्याआधी दगड महिनोन्महिने उन्हात ठेवायचा असतो, आतला ओलावा निघायला, नाहीतर भट्टीत तडकतो. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता, त्यांनी स्वच्छ सांगितलं की तडा आहे, फुटू शकतो. मी विचार केला आणि हो म्हटलं, कारण एकाच दगडाच्या दोन शेजारच्या चकत्या, एक जशीच्या तशी आणि एक भाजलेली, असं स्पेसिमेन मी कुणाकडेच बघितलं नव्हतं. त्यांच्या मालाबरोबर आमची चकतीही मडक्यात गेली, भुसा आणि शेणाच्या मंद आचेवर, रात्रभर.

दिवस चौथा, खंभात आणि घर

खंभातला मुक्काम केला होता. सकाळी गेलो तर मडकं अजून कोमट, उघडायची घाई करायची नाही, गार हवा लागली की दगड फुटतात. तोवर करड्या चकतीची घासाई. आधी जाड दाण्याच्या चाकावर ब्लेडच्या रेघा काढायच्या, मग २२० चा दाणा, मग ४००, मग ६०० (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक), आणि प्रत्येक पायरीला चकती धुवायची कारण जाड दाण्याचा एक कण जरी पुढच्या चाकावर गेला तरी ओरखडा पडतो आणि परत मागे जावं लागतं. शेवटी नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चाकावर सिरियम ऑक्साइड या चकाकी आणणाऱ्या पुडीचं पाणी. इथे जादू होते, आत्तापर्यंत धुरकट दिसणारा दगड एकदम खोल दिसायला लागतो, पाण्यात बघितल्यासारखा. मी कडा घासू दिल्या नाहीत, साल तशीच ठेवली, कारण साल बघून कळतं की हा गोटा नदीतून आलाय, गोल घासलेला. भिंगातून तपासलं, खिडकीपाशी तिरका धरून, एक ओरखडा सापडला, चाचांनी न बोलता परत ६०० वर घेतला.

मग मडकं उघडलं. राखेतून त्यांची लाल मण्यांची रास निघाली आणि खाली आमची चकती, दोन तुकडे. तड्यावरूनच गेली होती, सरळ. चाचांचा चेहरा उतरला, म्हणाले बेन पैसे देऊ नका याचे. पण मी तुकडे जोडून धरले आणि बघतच राहिले. बाहेरचे मधाचे चार पट्टे गडद लाल झाले होते, पांढरे पांढरेच होते कारण त्यात लोखंडच नाही, आणि करड्यात एक हलकी गुलाबी झाक. जिथे जिथे लोखंड होतं तिथे तिथे आगीने खूण करून ठेवली होती. शेजारी करडी चकती ठेवली तर रेघ न् रेघ जुळत होती. भाची म्हणाली, मावशी हे डिपार्टमेंटमधे दाखवायला देशील ना, मी म्हटलं देईन, पण चिठ्ठीसकट. पैसे दोन्हीचे दिले, दोन्ही तुकडे पॉलिश करून घेतले. निघताना चाचांच्या घरून चहा आणि हलवासन (खंभातची मिठाई), आणि दादाने वर्षभर पुरेल एवढं हलवासन वेगळं बांधून घेतलं.

संध्याकाळी बडोद्यात पोचल्यावर हातपाय धुऊन आधी खण काढला. गुलाबी चकतीच्या चिठ्ठीवर नॅचरल खोडून रंगवलेली असं लिहिलं. मग बोत्स्वाना आणि ब्राझीलच्या मधे जागा केली, कापसावर करडी ठेवली, शेजारी लालचे दोन तुकडे, मधे केसाएवढी फट ठेवून, चिकटवले नाहीत. चिठ्ठी लिहिली: "अकीक. रतनपूर, ता. झगडिया, जि. भरूच. दख्खनच्या लाव्ह्यातला, नदीने वाहून आणलेला. खंभातला पाण्यावर कापला आणि घासला. डावी नैसर्गिक. उजवी भाजलेली, भट्टीत तड्यावर फुटली." खाली तारीख घातली. कारीगराच्या नावासाठी एक ओळ रिकामी सोडलीय, चाचांना विचारून लिहीन, पुढच्या महिन्यात परत जातेय, दुधी दगडाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या गच्चीवर उन्हात ठेवून आलेय.